ग्लिबसी बिल्ड करण्याआधी: कर्नल हेडर्सची तयारी

लातूर-नांदेडकडच्या महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी स्वतःची छोटी लिनक्स प्रणाली उभारणाऱ्यांनी सर्वप्रथम कर्नल हेडर्सची (कर्नलशी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याशी, बोलण्यासाठी लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइलींची) आवृत्ती ठरवावी, आणि ती ठरवताना संगणकावर सध्या कोणते कर्नल चालू आहे याचा विचार बाजूला ठेवावा. ग्लिबसीला, म्हणजे सी प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मूलभूत लायब्ररीला, कर्नलकडून सिस्टीम कॉलचे (कर्नलकडे काम मागण्याच्या विनंत्यांचे) क्रमांक, स्ट्रक्चर आणि स्थिरांक हवे असतात. ते नव्या हेडर्समधून घेतले तरी तयार झालेली लायब्ररी जुन्या कर्नलवर चालू शकते. किती जुन्या कर्नलपर्यंत चालावी, हे कॉन्फिगर करताना 'एनेबल-कर्नल' या पर्यायाने सांगायचे असते. त्यामुळे हेडर्स ताज्या दीर्घकालीन (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्तीचे घ्यावेत, मात्र 'एनेबल-कर्नल'चा आकडा प्रयोगशाळेतील सर्वांत जुन्या यंत्राकडे पाहून लिहावा, कारण तो उगाच वाढवल्यास जुन्या कर्नलसाठीचा पर्यायी कोड लायब्ररीतून वगळला जातो.

डेबियन किंवा उबुंटूवर 'लिनक्स-हेडर्स' या नावाने सुरू होणारी पॅकेजे या कामाची नव्हेत. ती कर्नल मॉड्यूलसाठी असतात. सी प्रोग्रामसाठीचे हेडर्स 'लिनक्स-लिबसी-डेव्ह'मध्ये असतात. आपल्याला मात्र कर्नलचा मूळ सोर्सच घ्यायचा आहे. त्याची संकुचित फाइल शंभर एमबीहून मोठी असल्याने वसतिगृहातील वायफायवर ती रात्री उतरवून घेणे सोयीचे पडते. फाइल अस्सल आहे हे पडताळण्यासाठीची डिजिटल सही मूळ टार फाइलवर केलेली असते, म्हणून एक्सझेडचे संकुचन आधी सोडवावे आणि मगच पडताळणी करावी.

सोर्स विंडोजच्या पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर मुळीच उघडू नये. नेटफिल्टरच्या (कर्नलमधील नेटवर्क पॅकेट गाळणाऱ्या भागाच्या) हेडर्समध्ये काही जोड्यांची नावे केवळ लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळी असतात, आणि तो भेद न मानणाऱ्या फाइल सिस्टीमवर त्यांतील एक फाइल दुसरीवर लिहिली जाते; चूक दिसते ती फार उशिरा.

आरसिंक हे फाइली कॉपी करणारे साधन स्थापित आहे ना, ते पाहावे, कारण हेडर्स काढून देणाऱ्या 'हेडर्स_इन्स्टॉल' या मेक आज्ञेला ते लागते. 'मेक एमआरप्रॉपर'ने सोर्स स्वच्छ करावा. लक्ष्य यंत्राचा प्रोसेसर वेगळ्या प्रकारचा असेल तर 'आर्क'मध्ये त्या प्रकाराचे नाव द्यावे. कंपायलर ज्याला 'एआर्च६४' म्हणतो, त्याला कर्नल 'आर्म६४' म्हणते. हेडर्स कोठे ठेवायचे ते सांगणाऱ्या 'इन्स्टॉल_एचडीआर_पाथ'मध्ये वेगळी रिकामी डिरेक्टरी द्यावी. सोर्समधील इन्क्लूड डिरेक्टरी थेट कॉपी करण्याचा किंवा तिच्याकडे सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) टाकण्याचा मोह टाळावा: 2012 च्या 3.7 आवृत्तीपासून कर्नलबाहेरच्या प्रोग्रामसाठीचे हेडर्स 'यूएपीआय' या डिरेक्टरींमध्ये वेगळे काढले असले, तरी केवळ कर्नलसाठीच्या खुणा आणि तुकडे इन्स्टॉलच्या वेळीच गाळले जातात.

यानंतर 'लिनक्स/व्हर्जन डॉट एच' उघडून पाहावे, 6.6.0 साठी तेथे आवृत्तीचा सांकेतिक क्रमांक म्हणून 394752 हा आकडा असतो. ग्लिबसीसाठी स्वतंत्र बिल्ड डिरेक्टरी करावी, 'विथ-हेडर्स'ला नव्या इन्क्लूडचा पूर्ण मार्ग द्यावा, आणि यजमान यंत्राचे (ज्यावर बिल्ड चालू आहे त्याचे) हेडर्स तर उचलले गेले नाहीत ना, याची कॉन्फिग लॉगमध्ये खात्री करावी. हेडर्सचे काम काही मिनिटांचे आहे. भारनियमनाचे वेळापत्रक पाहावे ते लायब्ररीच्या बिल्डसाठी. पुढे कर्नल बदलले म्हणून हे हेडर्स बदलण्याची गरज नाही. ग्लिबसी नव्याने बिल्ड कराल तेव्हाच ते बदलावेत.