पाइपची तंबाखू: साठवताना ओलसर, ओढताना कोरडी

एप्रिलमध्ये पुण्यात उघडा राहिलेला तंबाखूचा डबा आठवडाभरात करकरीत वाळतो. तोच डबा जुलैत दादरला नेला, तर तीच तंबाखू दोन-चार दिवसांत उघड्या पापडासारखी सादळते. तंबाखूचं पान हवेतलं बाष्प घेतं आणि सोडतंही. भोवतालच्या हवेशी जुळेपर्यंत ही देवघेव चालूच राहते. निपाणीकडे बिडीची तंबाखू वाळवणारे शेतकरी वाळलेली पानं पहाटेच्या दवाने मऊ पडल्यावर उचलतात, कारण भर उन्हात हात लावला तर त्यांचा चुरा होतो. पाइपची तंबाखू घरी सांभाळण्यामागेही हेच तत्त्व आहे. पानाभोवतीची हवा आपल्या ताब्यात ठेवायची.

माझी पहिली चांगली तंबाखू मी स्टीलच्या डब्यात ठेवून वाया घालवली. झाकण घट्ट बसत होतं, म्हणून निर्धास्त होतो. मे संपेपर्यंत ५० ग्रॅमचा भुगा झाला. पुढच्या वर्षी त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या डब्यात ओला कापूस ठेवला आणि पंधरा दिवसांत वर पांढरी बुरशी आली. दोन्ही वेळा दु:ख झालं ते पैशांपेक्षा त्या पानाचं. ते पिकवून, वाळवून, मुरवून माझ्यापर्यंत यायला काही वर्षं गेली होती.

किती ओल हवी

डब्यातून नुकतीच काढलेली पाइपची तंबाखू साधारण १५ ते २० टक्के ओलीची असते. ओढायला बहुतेकांना १२ ते १४ टक्के बरी वाटते. याहून ओली असेल तर पाइप सारखा विझतो, दांड्यात पाणी गुरगुरतं आणि वाफेने जीभ भाजते. फार कोरडी असेल तर भराभरा जळते, पाइपची वाटी तापते आणि चव निघून जाते. साठवण्यासाठी मात्र थोडी जास्त ओल चांगली. बंद बरणीत पानाचं मुरणं चालू राहायला पाणी लागतं आणि एकदा पूर्ण सुकलेल्या पानाचा गेलेला सुगंध पाणी घालून परत येत नाही. म्हणून डब्यातून आली तशीच, वाळवत न बसता, तंबाखू बरणीत भरा. वाळवायची ती ओढण्याआधी, त्या दिवसापुरती.

ओल ओळखायला चिमूट पुरते. थोडी तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. कुरकुर आवाज आला, तुकडे झाले तर कोरडी. हळूहळू फुलून सुटी झाली की ओढण्याजोगी. दहा-बारा वेळा जाणीवपूर्वक केलं की बोटांना समजायला लागतं. एक अपवाद आहे. व्हॅनिला, चेरी वगैरे वासाच्या बऱ्याच तंबाखूंत प्रोपिलिन ग्लायकोल हे ओल धरून ठेवणारं द्रव्य असतं. त्या बोटांना कायम चिकट-ओलसर लागतात. त्यांना चिमटीच्या भरवशावर वाळवत बसलात तर हाती काही लागत नाही.

आकडा हवा असेल तर दागिने तोलायचा छोटा काटा घ्या. ५ ग्रॅम तंबाखू काचेच्या वाटीत घेऊन ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ४.२५ ग्रॅम उरली तर पाऊण ग्रॅम गेलं, म्हणजे ओल १५ टक्के. थोडी सुगंधी द्रव्यंही त्यात उडतात, त्यामुळे आकडा किंचित जास्त येतो. खिडकी उघडी ठेवा आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. हे मी नवीन प्रकार पहिल्यांदा आणला तरच करतो.

बरणी

काचेची, रबरी कडं आणि तारेची खिटी असलेली, किंवा घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या. लोणच्याची चिनी मातीची बरणी कितीही सुंदर असली तरी तिचं झाकण हवाबंद नसतं. लोणच्याची जुनी काचेची बरणीसुद्धा नको. काच धुऊन निघते, पण झाकणातल्या रबराला मुरलेला हिंग-मोहरीचा वास काही केल्या जात नाही. प्लास्टिकच्या चेनच्या पिशव्यांतून बाष्प आणि सुगंध हळूहळू बाहेर जातात. महिनाभरासाठी ठीक, वर्षासाठी नाही. सिगारची लाकडी पेटी तर पाइपच्या तंबाखूला मुळीच नको, कारण लाकूड ओल पितं आणि वासांची सरमिसळ करतं.

नवी बरणी भरण्याआधी तपासा. अर्धी पाण्याने भरा, झाकण लावा आणि वर्तमानपत्रावर रात्रभर उलटी ठेवा. कागद ओला झाला तर ती बरणी डाळीला द्या. पास झालेली बरणी गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. झाकणाच्या आट्यांत राहिलेला पाण्याचा थेंबही बुरशीला पुरतो. मी धुतलेल्या बरण्या एक दिवस उपड्या आणि एक दिवस उताण्या ठेवतो.

५० ग्रॅमच्या डब्याला २५० मिलिलिटरची बरणी बरोबर बसते. हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. तंबाखू हलक्या हाताने दाबा, ठेचून नाही. वर बोटभर जागा राहू द्या. फ्लेक, म्हणजे दाबून वडी केलेल्या तंबाखूचे पातळ काप, असतील तर न मोडता, उभे रचून ठेवा. मोठ्या डब्यातली तंबाखू एकाच मोठ्या बरणीत भरण्यापेक्षा लहान-लहान बरण्यांत वाटा, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या शांत राहतात. चिठ्ठीवर नाव आणि भरल्याची तारीख लिहा. ही चिठ्ठी आणखी एका कारणासाठी गरजेची आहे: काचेतून ही तंबाखू थेट चहापत्तीसारखी दिसते. निकोटीन हे विष आहे, लहान मुलाने किंवा कुत्र्याने थोडी खाल्ली तरी प्रसंग ओढवतो. बरण्या कुलपाच्या किंवा वरच्या कपाटातच ठेवा.

न उघडलेला टिनचा डबा आहे तसा राहू द्यायला हरकत नाही, तो आतून निर्वात असतो. पण किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं विसरू नये. खाऱ्या हवेत टिनला गंज चढतो, बारीक छिद्र पडतं आणि आतली तंबाखू कधी सुकली ते कळतही नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी लांब पल्ल्याची साठवण काचेतच करावी.

जागा

अंधार आणि ऋतूनुसार फार न बदलणारं तापमान एवढंच लागतं. पत्र्याखालचा माळा नको, गॅसजवळचं कपाट नको, पश्चिमेची खिडकी नको. आतल्या खोलीतलं खालचं बंद कपाट सर्वांत उत्तम. फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो, पण गार बरणी दमट हवेत उघडली की आत दव धरतं आणि तेच बुरशीचं बी होतं.

हळद-धण्यांच्या डब्यांजवळ ठेवू नका. हा नुसता वासाचा प्रश्न नाही. साठवलेल्या हळदीत तपकिरी रंगाचा, कुबड काढल्यासारखा जो बारीक भुंगेरा होतो, तोच तंबाखूचाही भुंगेरा आहे. उबदार हवेत तो झपाट्याने वाढतो. पानांत टाचणीने टोचल्यासारखी भोकं किंवा बारीक पूड दिसली, तर ती बरणी घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका.

बरणीतली ओल मोजणं

छोटा डिजिटल आर्द्रतामापक फार महाग नसतो, पण त्याच्या आकड्यावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच थेंब पाणी घाला. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. मापक ७१ दाखवत असेल तर त्यात कायम ४ मिळवायचे.

मग तो तंबाखूच्या बरणीत ठेवून एक दिवस थांबा. आकडा ६० ते ६५ च्या दरम्यान असेल (हा बरणीतल्या हवेचा आकडा, पानातल्या ओलीचा नाही) तर काहीही करू नका. ५५ च्या खाली तंबाखू कोरडी पडते आहे. ७० च्या वर बुरशीचा धोका सुरू होतो. तेव्हा तंबाखू ताटलीत पसरून थोडी ओल जाऊ द्या आणि पुन्हा भरा. बाजारात ६२ किंवा ६५ आकड्याच्या आर्द्रतेच्या पुड्या मिळतात, त्या ओल देतातही आणि घेतातही. रोज उघडल्या जाणाऱ्या बरणीत त्यांचा उपयोग होतो. वर्षभर बंद राहणाऱ्या चांगल्या बरणीत त्यांची गरज नाही. सिगारसाठी असलेली ६९ किंवा ७२ ची पुडी मात्र पाइपच्या तंबाखूत घालू नका.

सुकलेली तंबाखू परत मऊ करणं

सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकायचा सल्ला बरेच जण मायेने देतात. टाकू नका. फोड सडते आणि तिच्याबरोबर बुरशी येते. पाण्याचा फवाराही नको, कारण काही पानं भिजतात आणि काही कोरडीच राहतात.

आधी गणित करा, म्हणजे किती थोडं पाणी लागतं ते कळेल. ८ टक्क्यांवर उतरलेली ५० ग्रॅम तंबाखू घ्या. तिच्यात पान ४६ ग्रॅम आणि पाणी ४ ग्रॅम. ती १३ टक्क्यांवर आणायची तर एकूण वजन ५३ ग्रॅमच्या आसपास जायला हवं. म्हणजे लागणारं पाणी जेमतेम ३ मिलिलिटर, चहाच्या चमच्याहूनही कमी. ओल्या कापसाने माझी तंबाखू का बुरसटली ते हे गणित केल्यावर मला समजलं.

हे पाणी द्यायला दिवाळीची साधी मातीची पणती उत्तम. कधीही तेल न घातलेली, न रंगवलेली हवी. ती कोरडी तोला, उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवा, बाहेरून पुसा आणि पुन्हा तोला. तीन-साडेतीन ग्रॅम वाढली असेल तर बरोबर, जास्त असेल तर थोडी वाळू द्या. तंबाखूवर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवून त्यावर पणती ठेवा, बरणी बंद करा. दुसऱ्या दिवशी तंबाखू वर-खाली करा. दोन-तीन दिवसांत पणती कोरडी आणि तंबाखू मऊ झालेली दिसेल. पणती काढून टाका आणि मग आणखी आठवडाभर बरणी बंदच राहू द्या, म्हणजे ओल सगळ्या पानांत सारखी पसरते.

घाई असेल तर रुंद पातेल्यात तंबाखू पसरा आणि घट्ट पिळलेलं मलमलचं कापड तोंडावर ताणून बांधा. कापड तंबाखूला टेकता कामा नये. दर तासाला हात फिरवा. बोटांना मऊ लागली की लगेच काढा.

मुरवण आणि बुरशी

सगळ्या तंबाखू मुरवून सारख्या सुधारत नाहीत. व्हर्जिनिया या प्रकारच्या तंबाखूच्या पानात साखर भरपूर असते, त्यामुळे बंद बरणीत ती वर्षानुवर्षं गोड आणि गोल होत जाते. साठवणीचा सगळा आनंद मला तिच्यात वाटतो. बर्ली या दुसऱ्या प्रकारात साखर फारच कमी असते, तिच्यात इतका फरक पडत नाही. सीरियातल्या बंदराचं नाव मिळालेली लटाकिया धुरावर वाळवलेली असते. तिचा धुरकट तिखटपणा काळाबरोबर उतरत जातो, म्हणून तो आवडणाऱ्यांनी ती फार वर्षं ठेवू नये. वरून सुगंध दिलेल्या तंबाखू लवकर संपवाव्यात.

जुन्या फ्लेकवर कधी कधी पांढरे कण दिसतात. घाबरण्याआधी भिंग घ्या. साखरेसारखे चमकणारे कोरडे स्फटिक असतील तर ते मुरण्याची खूण आहे. कापसाचे धागे किंवा जाळं दिसलं, कुबट वास आला, तर ती बुरशी. अशी तंबाखू वरची काढून खालची वापरू नका. सगळी फेकून द्या, बरणी उकळत्या पाण्यातून काढा आणि झाकण बदला.

ओढण्याआधी

तंबाखू कशीही साठवली तरी तिची हानी कमी होत नाही, ओढणाऱ्याने आणि घरातल्यांनी ते लक्षात घेऊनच काय ते ठरवावं. पाइप ओढायचाच असेल तर त्या वेळेपुरती तंबाखू बरणीतून काढा आणि झाकण लगेच लावा. फ्लेक असेल तर बोटांनी मोकळा करा. कोऱ्या कागदावर पातळ पसरा. पुण्यात किंवा नागपुरात हिवाळ्यात अर्धा तास पुरतो, उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं. मधे एकदा चिमूट दाबून बघा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे उलटं होतं. हवेतच ८५-९० टक्के दमटपणा असतो, त्यामुळे कागदावर पसरलेली तंबाखू वाळण्याऐवजी आणखी सादळते. तिथे वातानुकूलित खोलीत पसरा. तशी सोय नसेल तर एका वेळेची तंबाखू लहान बाटलीत घेऊन, सोबत सिलिका जेलची पुडी कागदात गुंडाळून तासभर बंद ठेवा. पुडी पानांना टेकू देऊ नका आणि तासाच्या वर विसरू नका, नाहीतर ऐन श्रावणात करकरीत तंबाखू हाती येईल. मूळ बरणी पावसाळ्यात उघडताना खिडकीपासून लांब, पंखा बंद करून उघडा. चिमटीने घ्या आणि लगेच खिटी लावा.