पालकांची सभा आणि पालकाची भाजी

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएलला, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीधरांच्या भरती परीक्षेला बसणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचं घोडं बहुतेक वेळा इंग्रजीपाशी पेंड खातं. पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चुकला की अर्धा गुण वजा. व्याकरणाचे नियम आपण घोकून का होईना, आणतो. पण समानार्थी, विरुद्धार्थी आणि वन वर्ड सब्स्टिट्यूशनमध्ये (शब्दसमूहाबद्दल एक शब्द) कधी न ऐकलेला शब्द समोर आला की पेन थांबतं. माझंही थांबायचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग परभणीला बी.एस्सी. ॲग्री आणि मग पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. अशा मुलाने इंग्रजी शब्दांशी कसं जमवून घेतलं आणि त्यात कुठे तोंडावर आपटला, ते इथे सांगतो.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. ए पासून रोज 20 शब्द. पंधरा दिवसांत ए अक्षराचा मी राजा होतो. डी आला तोवर ए मधलं निम्मं राज्य गेलेलं. तिसऱ्यांदा ए पासून सुरुवात करताना खोलीतला सीनियर, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, म्हणाला, "सुटे शब्द कशाला पाठ करतोस? कुळं पाठ कर." आणि वहीवर त्याने तीन अक्षरं लिहिली, पी-ई-डी. पेड म्हणजे पाय.

तो दिवस मला अजून आठवतो, कारण त्या दिवशी इंग्रजी पहिल्यांदा ओळखीची वाटली. पेडल, पायाने मारायचं. पेडेस्ट्रियन, पायी चालणारा. बायपेड आणि क्वाड्रुपेड म्हणजे शाळेच्या विज्ञानात शिकलेले द्विपाद आणि चतुष्पाद. सेंटिपेड म्हणजे गोम, शब्दशः शंभर पायांची. लॅटिनमधला हा पेड आणि संस्कृतातला पद एकाच मुळाचे आहेत, त्यामुळे आपल्याला तो मुद्दाम पाठही करावा लागत नाही. आणखी मजा पुढे आहे. इम्पीड म्हणजे अडथळा आणणे, मुळात पायात बेडी अडकवणे. मराठीत आपण 'खोडा घालणे' म्हणतो, तोही पायातलाच खोडा. एक्स्पेडाइट त्याच्या उलट, पाय मोकळे करणे, म्हणजे काम लवकर मार्गी लावणे. सेस्क्विपेडेलियन हा शब्द मी हौसेने पाठ केला. दीड फूट लांबीचा, म्हणजेच लांबलचक शब्द वापरणारा. तो शब्द स्वतःच दीड फुटाचा आहे.

पुढचे दोन महिने मी अभ्यासिकेत पंडित म्हणून मिरवलो. मग आई पुण्याला आली.

तिचा गुडघा दुखत होता, म्हणून एका डॉक्टरकडे नेलं. बाहेर बसलो असताना बोर्डाकडे बोट दाखवून मी ज्ञान पाजळलं, "बघ, ऑर्थोपेडिक. पेड म्हणजे पाय. पायाचा डॉक्टर." आई बोर्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, मग मागच्या वर्षी तुझ्या हाताला प्लास्टर कुणी घातलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री व्युत्पत्ती शोधली. ऑर्थोपेडिक्समधला पेड पायाचा नाहीच. तो ग्रीक 'पाइस' म्हणजे मूल या शब्दातून आला आहे, आणि ऑर्थो म्हणजे सरळ. निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने 1741 मध्ये मुलांच्या शरीरातली व्यंगं सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिलं. मोठ्यांचे गुडघे आणि हात त्यात नंतर आले. म्हणजे पीडियाट्रिशियन हा बालरोगतज्ज्ञ ऑर्थोपेडिकचा सख्खा भाऊ, आणि पेडल दोघांच्याही कुणी नात्यातलं नाही. पेडागॉग म्हणजे शिक्षक, हाही मुलांच्याच कुळातला. ग्रीसमध्ये मुलाला शाळेत पोहोचवणाऱ्या गुलामाला हे नाव होतं. आठवड्यापूर्वीच्या टेस्ट सिरीजमध्ये पेडागॉगसाठी मी 'पायी प्रवास करणारा'च्या वळणाचा पर्याय टिक करून आलो होतो, तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

मराठीत या गोष्टीने आपण कधी फसत नाही. शाळेत पालकांची सभा असते आणि घरी पालकाची भाजी असते, पण सभेला भाजी घेऊन कुणी जात नाही. भिंतीवरची पाल, जत्रेत ठोकलेलं पाल आणि राज्यपाल, तिन्हींत तीच अक्षरं. आपली भाषा असल्यामुळे कोणता कुठल्या घरचा हे विचारावंच लागत नाही. परक्या भाषेत मात्र अक्षरं जुळली की आपण लगेच नातं लावून मोकळे होतो. कुळं पाठ करण्याची पद्धत चांगलीच आहे, मी आजही तीच सांगेन. पण सारखी अक्षरं हा फक्त संशय असतो. पुरावा शब्दकोशात शोधायचा.

पेडची गोष्ट इथेही संपत नाही. ॲग्रीला मृदाशास्त्रात आम्हाला पेडॉलॉजी आणि पेडॉन होते. मातीचा अभ्यास, आणि अभ्यासासाठी घेतलेला मातीचा सर्वांत लहान त्रिमित तुकडा. हा ग्रीक 'पेडॉन' म्हणजे जमीन. पशुपैदाशीच्या तासाला वळूची पेडिग्री असायची, म्हणजे वंशावळ. ही कुठली असेल? मुलांच्या कुळातली वाटते ना, वंश म्हणजे मुलंबाळं? नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'पिए द ग्रू' म्हणजे करकोच्याचा पाय. वंशावळीच्या तक्त्यात बापापासून मुलांकडे जाणाऱ्या रेघा करकोच्याच्या पंज्यासारख्या दिसतात, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे पाय तर पाय, पण पक्ष्याचा.

एक खूण उपयोगी पडते. मुलांच्या कुळातल्या शब्दांचं ब्रिटिश स्पेलिंग बघा. पीडियाट्रिक, ऑर्थोपेडिक, एन्सायक्लोपीडिया, या शब्दांत पी आणि डीच्या मध्ये ए-ई अशी दोन अक्षरं येतात. अमेरिकनांनी त्यातला ए काढून टाकला आणि घोळ झाला. पायाच्या पेडमध्ये ए कधीच नसतो. फक्त पेडागॉग ब्रिटिशही बहुधा ए शिवाय लिहितात, तो एक लक्षात ठेवायचा. भारतातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दोन्ही प्रकार दिसतात. बसमधून जाताना पाट्या वाचत जा, फुकटची उजळणी होते.

यानंतर माझी वही बदलली. पानाच्या डोक्यावर आधी अक्षरं लिहायचो, आता अर्थ लिहायला लागलो. 'चालणे' असं लिहिलं की खाली ए-एम-बी-यू-एलचं आख्खं कुटुंब. हे मला सर्वांत आवडतं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आपल्या आजूबाजूला दिसतो. सोम्नॅम्ब्युलिस्ट, झोपेत चालणारा. फ्युनॅम्ब्युलिस्ट, दोरीवर चालणारा, म्हणजे गावात खेळ घेऊन येणाऱ्या डोंबाऱ्याची दोरीवरची पोर. पेरॅम्ब्युलेटर म्हणजे बाबागाडी, त्याचंच आखूड रूप प्रॅम. सर्कमॅम्ब्युलेशन म्हणजे चक्क प्रदक्षिणा. ॲम्ब्युलन्स मुळात फ्रेंच सैन्याबरोबर फिरणारं इस्पितळ, चालतं-फिरतं म्हणून ते नाव. आणि प्रीॲम्बल, आपल्या संविधानाची उद्देशिका, म्हणजे पुढे चालणारी. राज्यघटनेचा अभ्यास करताना प्रीॲम्बल शंभर वेळा वाचला असेल, त्यात चालणं दडलंय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पण ए-एम-बी एवढंच बघून धावू नका. ॲम्बिडेक्स्ट्रसमधला ॲम्बी म्हणजे दोन्ही. दोन्ही हात सारखेच चालवणारा, आपला सव्यसाची. ॲम्बुश म्हणजे दबा धरून हल्ला, आणि त्यात दडलेलं आहे ते झाडझाडोऱ्याचं रान.

दुसरं मोठं कुटुंब सी-आय-डी-ई, म्हणजे मारणारं. वन वर्ड सब्स्टिट्यूशनमध्ये याची पोरं वारंवार येतात. आपल्याकडे 'हत्या' जोडतात तसं. रेजिसाइड राजहत्या, फ्रॅट्रिसाइड बंधुहत्या, इन्फँटिसाइड बालहत्या, अक्सॉरिसाइड पत्नीहत्या. जेनोसाइड हा शब्द राफाएल लेमकिन या कायदेपंडिताने 1944 मध्ये बनवला, ग्रीक 'जेनोस' म्हणजे वंश घेऊन त्याला हे लॅटिन शेपूट लावून. हर्बिसाइड, इन्सेक्टिसाइड आम्हा ॲग्रीवाल्यांना फवारणीच्या डब्यांवरूनच पाठ होते. या शेपटाचं मूळ लॅटिन क्रियापद कापणे आणि मारणे, दोन्ही अर्थांचं. त्यामुळे डिसाइडही यातलाच, निर्णय घेणे म्हणजे तुकडा पाडणे. आपणही 'एकदा काय तो सोक्षमोक्ष' म्हणताना हवेत हात कापल्यासारखाच करतो.

इथेही पालक आहेतच. कोइन्साइड म्हणजे एकाच वेळी घडणे, त्यात कुणी मरत नाही. त्याचं मूळ वेगळं क्रियापद आहे, 'पडणे'. ॲक्सिडेंट आणि इन्सिडेंट त्याच घरचे. वनशास्त्रात आम्ही डेसिड्युअस फॉरेस्ट शिकलो, पानझडीची जंगलं. म्हणजे डी-ई-सी-आय-डी ही पाच अक्षरं सारखी असून डिसाइडमध्ये कापणं आहे आणि डेसिड्युअसमध्ये गळून पडणं. रेसिडिव्हिस्ट, सुटून आल्यावर पुन्हा गुन्ह्यात पडणारा, हाही पडण्याच्याच कुळातला. सीजीएलमधून मिळणाऱ्या पदांपैकी ज्याची पोरं स्वप्नं बघतात, ते इन्स्पेक्टर, सेंट्रल एक्साइजचं पद. शस्त्रक्रियेत एक्साइज म्हणजे कापून काढणे, तो कापण्याच्या कुळातला. करवाला एक्साइज मात्र डच भाषेतून आलेला निराळा पाहुणा आहे. खिसा दोघंही हलका करतात, पण नातं नाही.

एल-ओ-क्यू-यूवर फार वेळ घालवू नका, ते कुटुंब सरळ आहे, सगळे बोलणारे. लोक्वेशस बडबड्या, सोलिलक्वी स्वगत, व्हेंट्रिलक्विस्ट म्हणजे शब्दभ्रमकार, शब्दशः पोटातून बोलणारा. रामदास पाध्ये आणि अर्धवटराव डोळ्यांसमोर आणले की पुन्हा विसरत नाही. एक ऑब्लक्वी तेवढा जपा, तो नुसतं बोलणं नाही, लोकांनी केलेली बदनामी.

मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला, हाही एक भ्रम आहे. पेडेस्ट्रियन विशेषण म्हणून आला की त्याचा अर्थ नीरस, सामान्य वकुबाचा. "हिज स्पीच वॉज पेडेस्ट्रियन" मध्ये कुणी चालत नसतं. उपसर्गांचंही तसंच. टँकरच्या पाठीमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं आणि आपल्याला 'इन' म्हणजे नाही असं शिकवलेलं असतं. तो टँकर पेटत नाही असं समजून त्याच्याजवळ बिडी ओढू नये. इनव्हॅल्युएबलही किंमत नसलेलं नव्हे, अमूल्य. आपल्या अमूल्यमधला 'अ' समजतो, तर हाही समजायला हरकत नाही. शाळेत ज्यांनी संस्कृत घेतलं होतं त्यांना 'प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्' आठवत असेल. धातू एकच, पण उपसर्गाने ओढून कुठल्या कुठे नेलेला. तोच खेळ इथे चालतो.

वहीच्या शेवटी मी एक पान अनाथ शब्दांचं ठेवलं होतं. एनर्व्हेट म्हणजे शक्ती काढून घेणे, एनर्जीसारखा दिसतो म्हणून उलटा अर्थ लावला जातो. नॉइसम म्हणजे दुर्गंधी किंवा किळसवाणं, आवाजाशी त्याचा संबंध नाही. रेस्टिव्ह म्हणजे अस्वस्थ, आराम करणारा नव्हे. हे पान परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचं, बाकीची वही नाही वाचली तरी चालेल.

हिशोबाचं थोडं. शब्द माहीत नाही, पण कुळ ओळखू आलं आणि चारपैकी दोन पर्याय खात्रीने उडाले, तर उरलेल्या दोनांत मारलेला अंदाज फायद्याचा ठरतो, कारण बरोबरला 2 मिळतात आणि चुकीला अर्धाच जातो. फक्त ती 'खात्री' ऑर्थोपेडिकवाली नको. शब्द कुठून गोळा करायचे? आधी मागच्या वर्षांचे पेपर, कारण आयोग शब्द पुन्हापुन्हा विचारतो. त्यातला प्रत्येक शब्द व्युत्पत्ती देणाऱ्या शब्दकोशात एकदा उघडून बघा, तशी मोफत संकेतस्थळं आहेत. एका शब्दाला दोन मिनिटं पुरतात. दिवसाला आठ-दहा झाले तरी भरपूर, व्याकरण आणि उतारेही आहेतच की.

मला तिसऱ्या प्रयत्नात टॅक्स असिस्टंटची पोस्ट मिळाली. एक्साइज इन्स्पेक्टरची हुकली, त्यात इंग्रजीचा दोष नव्हता, गणिताने घात केला.

मागच्या दिवाळीत मामेबहिणीचं लग्न ठरलं. ती पार्लरची यादी वाचत होती, फेशियल, मॅनिक्युअर, पेडिक्युअर. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते शेवटचं लहान पोरांचं असेल, नाही का रे?"

"नाही आई, हे पायाचं."

"ठरवा एकदा काय ते," ती म्हणाली आणि पुन्हा पालक निवडायला लागली.