वाईट वर्दीनंतर आपल्या माणसाला कसं सांभाळायचं

अग्निशमन दलात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा शिफ्टचा प्रमुख म्हणून. आमच्या भाषेत वर्दी म्हणजे गणवेश नव्हे, तर आग किंवा अपघाताची आलेली खबर आणि त्यावर केलेली कामगिरी. बंब, पंप, शिडी यांची निगा कशी राखायची हे मला रीतसर शिकवलं होतं. लहान मुलाला उचलून बाहेर आणलेल्या आणि ते वाचलं नाही हे पाहिलेल्या जवानाची निगा कशी राखायची, ते मात्र चुकत चुकत कळलं. नव्याने शिफ्ट हाती घेणाऱ्यांसाठी लिहितो आहे. रुग्णवाहिकेवर आणि शोधपथकात काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

केंद्रावर परतलात की आधी अंघोळ आणि कपडे बदलणं, अहवाल नंतर. जळक्याचा वास अंगावर राहिला की प्रसंगही राहतो, आणि वासाने जागी झालेली आठवण फार जोरात येते. पाणी प्यायला द्या. मग त्या वर्दीवर कोण नेमका कुठे होता, हे मनात मांडा. आत गेलेल्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पंपावर उभा राहून आईचा आक्रोश ऐकणारा ऑपरेटर सुटून जातो. कंट्रोल रूममध्ये तो पहिला फोन घेतलेली मुलगी तर हमखास सुटते. तिने किंकाळी ऐकली, लाइन तुटली, पुढे काय झालं ते तिला कोणी कळवतच नाही. त्याच रात्री तिला फोन करून शेवट सांगा, वाईट असला तरी सांगा.

आता माझी चूक. एका रात्री मी सगळ्यांना गोल बसवलं आणि काय पाहिलं ते एकेकाला बोलायला लावलं. मोकळं होणं चांगलं, अशी माझी समजूत. काही महिन्यांनी त्यातला सर्वांत तरुण जवान म्हणाला, "साहेब, मी जे पाहिलंच नव्हतं तेसुद्धा त्या रात्रीपासून मला दिसतं." अशी एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत १९८० च्या दशकात बरीच रूढ झाली होती. पुढच्या अभ्यासांत तिने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा उलट वाढतो, असं आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतही तिचा पुरस्कार नाही. तिथला भर पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या, यावर आहे.

म्हणून खोदून विचारू नका. शेजारी बसा, होज गुंडाळायला हात लावा. तो बोलला तर मध्ये तोंड घालू नका. "नशीब समजा, बाकीचे वाचले" हे वाक्य तर चुकूनही नको. "कसं वाटतंय?" याला "ठीक" एवढंच उत्तर मिळतं. मी विचारायचो, "काल किती वाजता झोप लागली?" झोपेबद्दल माणूस खरं बोलतो.

पहिल्या रात्री सगळेच विचारपूस करतात, आठवड्याने कोणी करत नाही. त्यामुळे माझ्या डायरीत प्रत्येक वाईट वर्दीपुढे तीन तारखा असत: तिसरा दिवस, दहावा, तिसावा. सुरुवातीला दचकणं, स्वप्नं पडणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तेच चालू असेल, तो त्या रस्त्याने जायचं टाळत असेल, दारू वाढली असेल, घरच्यांशी बोलणं तुटलं असेल, तर तज्ज्ञाकडे न्यायची वेळ आली. पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार, त्याच्या निदानासाठी लक्षणं महिन्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात. २०१३ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत हेही स्पष्ट लिहिलं आहे की कामाचा भाग म्हणून असे भीषण तपशील वारंवार समोर येणाऱ्यालाही तो होऊ शकतो. हे वाक्य मी अनेकांना वाचून दाखवलं, कारण "मी तर फक्त माझं काम करत होतो" असं म्हणून ते स्वतःलाच दोष देत. आघातावर केंद्रित असलेली वर्तन-विचार उपचारपद्धती आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत), या दोन्हींचा चांगला उपयोग होतो. नुसता नंबर देऊन पाठवू नका. पहिल्या भेटीला सोबत जा, आणि ती वेळ ड्यूटीत धरा.

जगणं नकोसं झाल्यासारखं तो बोलला, तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

घरच्यांशी एकदा आधीच बोलून ठेवा, वाईट वर्दीची वाट पाहू नका. तो गप्प असला तर राग त्यांच्यावर नाही, हे त्यांना कळलेलं बरं.

आणि वर्षानंतरची ती तारीखही डायरीत लिहा. मी त्या दिवशी रजा देत असे, न विचारता. एकदा एक जवान माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, त्या रात्री मला घरी नको, सगळ्यांबरोबर राहू द्या." तेव्हापासून मी आधी विचारू लागलो.