मांजराच्या अंगाला गाठ लागली तर काय करावं?

मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं, त्यामुळे शोध आपणच घ्यावा लागतो. महिन्यातून एकदा त्याला मांडीवर घ्या आणि अंगभर हात फिरवा. मांजरीच्या पोटाखाली सडांच्या दोन ओळी असतात, बहुधा चार-चारच्या. एकेक सड हलकेच चिमटीत धरा. कातडीखाली मण्यासारखं टणक काही लागलं, तर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नका. मांजरींमध्ये स्तनाच्या दहापैकी आठ-नऊ गाठी कॅन्सरच्या निघतात, आणि 2 सेंटिमीटरहून लहान असताना काढलेल्या गाठीत आशा बरीच जास्त असते.

पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावरची किंवा नाकावरची न भरणारी खपली, तोंडातून गळणारी लाळ, उतरत जाणारं वजन, हेही डॉक्टरांना दाखवा. वजनासाठी आधी मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे. फरक लिहून ठेवा. लस टोचलेल्या जागची गाठ 3 महिन्यांनंतरही राहिली, 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच असली, तर तपासायलाच हवी.

डॉक्टर गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतात. बहुतेक मांजरांना त्यासाठी भूल लागत नाही. तेवढ्यावर निदान पक्कं झालं नाही, तर गाठीचा तुकडा तपासतात. आजार कुठवर पसरलाय हे छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्त तपासून कळतं. एक गोष्ट आग्रहाने सांगते: निदानाआधी स्टेरॉइड सुरू करायची घाई नको. त्याने लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, तात्पुरता दबतो आणि तपासणीत निसटू शकतो.

एका जागची गाठ शक्यतो शस्त्रक्रियेने काढतात, लिम्फोमाला केमोथेरपी देतात. आतड्यातल्या संथ लिम्फोमावर क्लोरॅम्ब्युसिल आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घरीच देता येतात. त्यावर कितीतरी मांजरं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त छान जगतात. केमोने मिशा गळतात, पण सहसा टक्कल पडत नाही. त्या काळात शी-शूची वाळू हातमोजे घालून काढा. गरोदर बाईने ते काम करू नये.

घरात खरी लढाई खाण्याची. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. ओलं खाणं कोमट करा, वासाने ते जवळ येतं. तरीही तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, मांजराला ते विष आहे.