लेझरला जाण्याआधी: हनुवटीवरच्या केसांबद्दल थोडं

दहा वर्षं माझ्या पर्समध्ये एक चिमटा असायचा. घरच्या ट्यूबलाइटमध्ये न दिसलेला केस उन्हात लगेच दिसतो, म्हणून बँकेत जाताना सिग्नलला थांबले की गाडीच्या आरशात आधी हनुवटी बघायची. आता लेझरच्या आठ सिटिंग झाल्यात. भाचीचं लग्न ठरलंय, तिचेही रोज प्रश्न येतात. तिला जे सांगते तेच इथं लिहितेय.

पैसे भरण्याआधी तपासण्या करून घ्या. हनुवटी, वरचा ओठ, छाती, बेंबीखाली असे राठ काळे केस येत असतील आणि पाळीही मागेपुढे होत असेल, तर मूळ बहुतेक वेळा हार्मोन्समध्ये असतं. माझं टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी झाली, त्यात पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशांशी जोडलेला हार्मोन्सचा बिघाड, निघालं. लेझर आज असलेली मुळं जाळतो, पण हार्मोन्स बिघडलेलेच राहिले तर साध्या लवेचे पुन्हा राठ केस होतात. म्हणून गोळ्या आणि लेझर दोन्ही सोबत चालले. केस अचानक भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर लेझरचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि मूळ जळतं. पिकलेल्या केसात तो रंगच नसतो, म्हणून तिथं लेझर चालत नाही. माझ्या मावशीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पैसे वाया घालवू नका, तुमच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस आहे, म्हणजे बारीक सुईने एकेका केसाच्या मुळाला वीज देऊन ते नष्ट करणं.

तोच रंग आपल्या सावळ्या कातडीतही असतो आणि धोका तिथंच आहे. मी पहिल्यांदा जिथं गेले तिथं ‘आज पॅकेज घेतलं तर सूट’ एवढंच ऐकलं. कोणती औषधं चालू आहेत कुणी विचारलं नाही, छोट्याशा जागेवर आधी चाचणीचा टेस्ट शॉट दिला नाही. मी चार दिवस कोकणात उन्हात फिरून आले होते, तेही कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी जबड्यावर मशीनच्या तोंडाएवढे चौकोनी चट्टे उठले. पुढं ते तपकिरी झाले आणि जायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी कुणाच्या लग्नाला गेले नाही.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा आणि मशीन कुठलं, हे विचारा. विचारायला लाजू नका. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेझर कातडीच्या रंगात कमी अडकतो आणि खोल जातो, म्हणून सावळ्या रंगाला तो जास्त सुरक्षित. 808-810चा डायोडही बेताने वापरला तर चालतो. 755चा अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला ठीक, आपल्याला जपून. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे, तो अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचा झोत असतो, नावावर जाऊ नका. कानाखाली किंवा जबड्याच्या कडेला आधी टेस्ट शॉट घ्या आणि काही दिवस थांबा, डाग कधीकधी उशिरा दिसतो.

आधीचा महिनाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद. मूळच उपटलं तर लेझरला जाळायला काय उरणार? आदल्या दिवशी रेझर फिरवायचा. हे मला सगळ्यात जड गेलं. बाथरूमची कडी लावून हनुवटीवर रेझर धरला तेव्हा हात थरथरत होता. रेझरने केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून बोटाला खरखरतं, एवढंच.

ब्लीच बंद. काही आठवडे ऊन टाळा. स्कार्फ तर तुम्ही बांधत असालच, पण त्याच्या आत सनस्क्रीनही लावा. मुरमांसाठी गोळ्या किंवा क्रीम चालू असेल, ओठांवर वारंवार तापाच्या पुळ्या येत असतील, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

प्रत्यक्ष सिटिंगला डोळ्यांवर चष्मा घट्ट बसवतात. फोडणीतली मोहरी उडून हातावर बसते ना, तसं एकेका जागी चटकन चटका बसतो. जळक्या केसांचा वास येतो. मग मुळांभोवती बारीक लाल पुरळ उठतं, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बसतं. थंड पट्टी ठेवा. डाळीचं पीठ, उटणं, वाफ, स्क्रब त्या आठवड्यात नको. फोड आला तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा. दहा-पंधरा दिवसांनी केस पुन्हा वाढल्यासारखे दिसतात. ते जळलेले केस बाहेर पडत असतात, आपोआप गळतात. उपटू नका.

एका वेळी फक्त वाढीच्या अवस्थेतली मुळं सापडतात. म्हणून चेहऱ्याला चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात, हार्मोन्सचा त्रास असेल तर जास्तही. भाचीच्या लग्नाला तीनच महिने आहेत. तिला मी नाही म्हटलं. हळदीच्या दिवशी जबड्यावर डाग घेऊन बसण्यापेक्षा आत्ता थ्रेडिंग कर, लग्नानंतर सुरू कर.

‘कायमचं’ या शब्दावर पैसे देऊ नका. केस खूप कमी होतात, बारीक होतात, पण मधूनमधून एखादी सिटिंग लागते. मी वर्षातून दोनदा जाते. आणि गालावरच्या मऊ लवेला लेझर लावायचा आग्रह धरू नका. चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः पीसीओडी असलेल्यांना, त्याने लव उलट जाड होऊ शकते.

दरवेळी जाण्याआधी एकाच खिडकीच्या उजेडात हनुवटीचा फोटो काढून ठेवा. मशीनचं नाव आणि त्या दिवशीचं सेटिंग आपल्या फाइलवर लिहून घ्या. माझ्या मधल्या काळात डॉक्टर बदलल्या, तेव्हा नव्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच मागितलं.