सोपी वाट आणि घरचा लवाजमा: या चुका टाळा

ट्रेकच्या माहितीत ‘सोपा, कुटुंबासाठी योग्य’ असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा एखाद्या धडधाकट माणसाच्या कोरड्या दिवसातल्या चालीवरून. तीच वाट पाच वर्षांचं पोर, गुडघेदुखीवाली आजी आणि आषाढातली सर बरोबर घेऊन चालायची म्हटली की हिशेब पार बदलतो. सह्याद्रीतल्या छोट्या रानवाटांवर कुटुंबांची जी फजिती होते, तिची बरीचशी सोय आदल्या रात्री घरीच झालेली असते.

अंतर मोठ्यांच्या पायांनी मोजणं

मोठं माणूस सपाट रानवाटेवर तासाला तीन-चार किलोमीटर सहज चालतं. चार-पाच वर्षांच्या मुलाचा वेग एक-दीड किलोमीटर धरा, तोही वाटेत गोगलगाय किंवा मुंग्यांची रांग भेटली नाही तर. पहिल्यांदा जाताना जाऊन-येऊन तीन किलोमीटर पुष्कळ झाले. परत फिरायची वेळ घरीच ठरवा, धबधबा दिसो न दिसो. ‘आता एवढं आलोच आहोत तर’ हे वाक्य ज्या काकांच्या तोंडी सारखं असतं, त्यांच्या हातात घड्याळ देऊ नका.

मूल दमलं की ‘दमलो’ म्हणेलच असं नाही. ते भावंडाशी भांडायला लागतं, ठेचकाळतं, नाहीतर एकदम गप्प होतं. तिथेच बसून राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, पाणी. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. ज्येष्ठांचं उलट असतं. ती चढताना कुरकुरत नाहीत, खरा त्रास उतरताना होतो, म्हणून काठी चढायच्या आधीच हातात द्या.

जागा निवडतानाही घाई होते. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत. झाडीतले लाल मातीचे रस्ते मुलांना चालायची सवय लावायला उत्तम, फक्त घोड्यांवर लक्ष ठेवा. कर्नाळा अभयारण्यात गेलात तर मोरटाका किंवा हरियाल या जंगलातल्या वाटा धरा. किल्ल्याची वाट चांगलीच चढाची आहे आणि वरच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ओढ्याकाठची शिलोंडा वाट सुंदर आहे, पण तिच्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. शिवाय उद्यान सोमवारी बंद असतं. सुट्टी पाहून सोमवारी फाटकापर्यंत जाऊन परतणारी कुटुंबं काही कमी नाहीत.

ओढा म्हणजे पाण्याचा खेळ समजणं

बाकीच्या चुका दिवस खराब करतात, ही चूक जिवावर बेतते. सह्याद्रीचे ओढे लांबीने आखूड आणि उताराने तीव्र. वर कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. पाऊस पडला की पाणी मुरायला जागाच नसते, ते सरळ ओढ्यात उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर ढग रिकामा होत असतो. लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली, त्यांत लहान मुलंही होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून ती सारी उभी होती. पाणी वाढलं की नुसत्या धरण्याचा उपयोग होत नाही.

म्हणून ओढ्याकाठी बसल्यावर एका मोठ्या माणसाचं काम फक्त पाण्याकडे पाहायचं. तासाभरापूर्वी नितळ असलेलं पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसू लागला, यातलं एकही दिसलं की सगळ्यांनी बाहेर. चपला आणि डबे गोळा करत बसू नका. ओढ्यातल्या बेटावजा खडकावर तर पावसाळ्यात डबा उघडूच नये, काठावरच्या उंचवट्यावर बसावं.

ओलांडायची वेळ आली तर तळ दिसतो का आणि पाणी मुलाच्या घोट्याच्या वर जातं का, एवढं बघा. तळ दिसत नसेल किंवा पाणी वर जात असेल तर माघारी. जाताना ओलांडलेला ओढा परतताना फुगलेला दिसला, तर अलीकडेच उंचावर थांबा. आखूड ओढे जसे चढतात तसे पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा दोन-तीन तासांत ओसरतातही. गाडी पलीकडे आहे म्हणून पाण्यात उतरू नका.

आणि शेवाळ! काळाशार कातळ ओला दिसतो तेव्हा तो बहुधा साबणासारखा झालेला असतो. शाळेचे गुळगुळीत तळव्यांचे बूट किंवा फ्लोटर्स इथे साफ दगा देतात. महागाचे बूट लागतातच असं नाही. ‘ॲक्शन ट्रेकिंग’चे साधे बूट कित्येक ट्रेकर वर्षानुवर्षं वापरत आलेत. तळवा खाचांचा हवा, एवढंच.

जळू, खाजकुयली, माकडं

पावसाळ्यात दाट झाडीत जळवा लागतात. उपटून काढली तर तिच्या तोंडाचा भाग जखमेत राहू शकतो. नखाने तोंडाशी खरवडून सोडवा, पाण्याने धुवा. जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, त्यामुळे नंतरही थोडा वेळ रक्त वाहतं. ते पाहून मूल घाबरतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. पँट मोज्यांत खोचली की अर्धं काम होतं.

हिवाळ्यात जळवा जातात आणि खाजकुयली येते. तपकिरी, मखमली, जराशा वाकड्या शेंगा, मुलांना हात लावावासा वाटेल अशाच. त्यावरची लव अंगाला लागली की चोळायचं नाही, चोळल्याने ती पसरते. चिकटपट्टी दाबून ओढा, दोन-तीनदा. मग भरपूर पाणी आणि कपडे बदलणं. पहिल्या मदतीच्या डब्यात चिकटपट्टी कुणी ठेवत नाही, तुम्ही ठेवा.

माकडांना पिशवीचा आवाज कळतो. वेफर्सचं पाकीट मुलाच्या हातात देऊन पुढे चालू लागणं म्हणजे माकडाला आमंत्रण. त्याने पाकीट ओढलंच तर सोडून द्यायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, दात दाखवून हसायचं नाही.

आग्या मोहोळ दिसलं तर गप्प राहून लांबून निघा. दगड नाही, धूर नाही. उग्र वासाचं अत्तर घरीच बरं. ब्लूटूथ स्पीकरवर गाणी वाजवत जाणाऱ्यांबद्दल मला बोलायचंच नाही.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. मुलाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका, उचलून खाली आणा आणि 108 ला फोन करा. रेंज कुठे येते हे वाटेत बघून ठेवलं असेल तर अशा वेळी धावपळ वाचते.

वाट विचारण्यातली गंमत

‘मामा, ही वाट धबधब्यालाच जाते ना?’ असं विचारलंत तर उत्तर बहुधा ‘हो’ येतं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं! त्यापेक्षा ‘ही वाट कुठं जाते?’ असं विचारा. आणि ‘हे काय, अर्ध्या तासात पोचाल’ हा अर्धा तास त्यांच्या पायांचा असतो. लहान मुलं बरोबर असली तर तिप्पट धरा.

वाट चुकल्यासारखी वाटली तर पुढे रेटू नका, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा अगदी मळलेल्या दिसतात आणि मग करवंदीच्या जाळीत विरून जातात.

मुलाच्या गळ्यात शिट्टी अडकवा. एकटं पडल्यासारखं वाटलं तर धावायचं नाही, एका झाडाला धरून उभं राहायचं आणि तीनदा वाजवायची, हे निघण्यापूर्वी करून दाखवा. परतल्यावर गाडीत बसायच्या आधी ती शिट्टी मात्र आठवणीने काढून घ्या.