परदेशातल्या लीडरशिप ट्रेनिंगला जायचंय? आधी बाबांची केळीची पट्टी शोधा

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचा, घरी केळी आणि कापूस, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोलंडला सहा आठवडे इंटर्न म्हणून जाऊन आलो, त्यात सुरुवातीलाच लीडरशिप ट्रेनिंग होतं. आल्यापासून गावाकडची पोरं-पोरी एकच विचारतात, भाऊ कसं जायचं? दरवेळी फोनवर तासभर जातो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं काम प्रोग्राम शोधणं. आयसेक ही तरुणांची संस्था 1948 पासून आहे, 18 ते 30 वयाच्यांना घेते, त्यांचे व्हॉलंटियरिंगचे प्रोजेक्ट साधारण सहा ते आठ आठवड्यांचे असतात. रोटरीवाल्यांचेही तरुणांसाठी एक्सचेंज असतात, आपल्या तालुक्याच्या क्लबात कोणी ओळखीचं असेल तर नुसतं जाऊन विचारा, चहा तरी मिळेल. पण कुठेही फी भरायच्या आधी त्याच जागी आधी जाऊन आलेल्या दोघांशी व्हिडिओ कॉलवर बोला. राहायला कुठे, जेवण कोणाकडे, काम खरंच होतं का, हे तीन प्रश्न विचारायचे. मला एका एजंटने त्याच्या स्वतःच्या नंबरवर पैसे टाकायला सांगितले होते, मी पावती मागितली तर परत फोनच आला नाही. समजून जा.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, 36 पानी साध्याची फी 1500 रुपये, आणि आता पोस्टातही केंद्रं झालीयेत. पण पत्ता नीट टाका बरं का. तुम्ही पुण्यात रूमवर राहता आणि पत्ता गावाचा टाकला तर पोलीस व्हेरिफिकेशनचा फोन गावाच्या स्टेशनातून येतो आणि तुम्ही तिकडे परीक्षेत अडकलेले.

आता व्हिसा. इथेच आपली शेतकऱ्यांची पोरं घाबरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांच्या गटात येतं, शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी करावाच लागतो, मी म्हणेन दोन महिने आधी करा. निदान 30,000 युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. बोटांचे ठसे द्यायला मी मुंबईला गेलो, रात्रीच्या गाडीने गेलं की सकाळी अपॉइंटमेंटला पोचतो. ऑफर लेटरमध्ये जे काम लिहिलंय ते आणि व्हिसाचा प्रकार जुळलाच पाहिजे, 'टुरिस्टवर जा, कोण बघतंय' म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

खरी गंमत बँक स्टेटमेंटची. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार दिसतो, आपल्या बाबांच्या खात्यात चार महिने काहीच नाही आणि मग एकदम केळीचे दोन लाख. बघणाऱ्याला वाटतं पैसे उसने आणून दाखवलेत! बाबांकडे आयटी रिटर्नही नव्हतं, शेतीच्या उत्पन्नाला टॅक्सच नाही तर कुठून असणार. मग मी काय केलं, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, शोधल्या (आईने त्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवल्या होत्या, एकीवर हळदीचा डाग), सातबारा काढला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घेतलं आणि वर एक पानाचं पत्र जोडलं की आमच्याकडे पैसा माल कटल्यावर एकदमच येतो, अमुक तारखेची रक्कम म्हणजे ही पट्टी. व्हिसा आला. त्याच रात्री आजी म्हणाली, "इतला दूर कसाले जास रे भो?" तिला अजूनही वाटतं मी शिक्षा भोगून आलो.

बॅगेबद्दल थोडक्यात. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मटण न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, तूप घरीच ठेवा. बऱ्याचशा ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, पण ज्या मोजक्या फळांना लागत नाही त्यात केळं आहे, जळगाववाल्यांनी हे वाचून छाती फुगवायला हरकत नाही. तरी नेऊ नका, बॅगेत त्याचा काला होतो. काळा मसाला आणि शेव मात्र न्या, कारण पुढे लागणार आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. आपला मोबाईलचा दोन पिनचा चार्जर तिकडे बसतो, लॅपटॉपचा तीन पिनवाला नाही बसत, ॲडॉप्टर घ्या. आणि पोलंडमध्ये युरो नाही, झ्वॉटी चालतो, मी युरो घेऊन गेलो आणि विमानतळावर बदलताना चांगलाच मार खाल्ला. शाकाहारी असाल तर बटाटा-चीज भरलेले पिएरोगी मिळतात, 'बार म्लेच्नी' नावाच्या साध्या खानावळीत स्वस्तात.

आता ट्रेनिंग. गोल करून बसवतात, खेळ खेळवतात, मग एकेकाला बोलायला लावतात. पहिले दोन दिवस मी गप्प. इंग्रजी यायचं, पण वाक्य मनात जुळवेपर्यंत ब्राझीलवाली बोलून मोकळी. तिसऱ्या दिवशी विचारलं, तुम्ही बघितलेला चांगला लीडर सांगा. सगळे मोठमोठ्या कंपन्यांचे मालक सांगत होते. मी केळी कटाईची टोळी सांगितली, एक जण कोयत्याने घड कापतो, दुसरा खालून खांद्यावर झेलतो, आणि झेलणारा 'हां' म्हणत नाही तोवर कापणारा कोयता चालवत नाही, मुकादम त्याच्यावर कितीही ओरडू दे. माझं इंग्रजी मोडकं होतं पण खोलीत एकदम शांतता, आणि पुढे आठवडाभर ग्रुपमध्ये काम वाटताना पोरं हसत एकमेकांना 'हां?' विचारायची. तर घरून निघतानाच असे दोन-तीन प्रसंग आपल्याच शेतातले, घरातले काढून ठेवा आणि मोठ्याने बोलून बघा, प्रत्येक एका मिनिटात बसला पाहिजे. गुगलवरचे कोट्स पाठ करून गेलात तर तेच कोट्स आणखी चौघांकडे असतात.

फीडबॅकचा तास असतो, तेव्हा समोरचा तोंडावर चूक सांगतो. आपल्याकडे हे भांडणात होतं, त्यामुळे मला आधी राग यायचा. उत्तर द्यायचं नाही, लिहून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी हवं तर बोलायचं.

शेवटी देशादेशांच्या स्टॉलची संध्याकाळ असते, तिथे शेवभाजी करा. मी तिखट निम्मं टाकलं तरी दोघं पाणी शोधत पळाले, तिसऱ्याने मात्र दोनदा घेतली.

आणि तिकडून निघायच्या निदान चार दिवस आधी संस्थेच्या लेटरहेडवर काम केल्याचं सहीचं पत्र मागून घ्या, त्यात कामाचं नाव आणि तारखा वाचून बघा. माझ्या पत्रात महिनाच चुकला होता, आणि दुरुस्ती करायला गेलो तर ऑफिसच्या प्रिंटरमधली शाई संपलेली.